वस्तीतून वाहणाऱ्या नदीच्या खळाळातून कयाक उतरवताना

पावसाळा ओसरला, की सप्टेंबरच्या अखेरीपासून साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विदर्भातील ज्या नद्यांच्या पात्रात खडक उघडा आहे, तिथे उतारावर पाणी खळाळत राहते. हा खळाळ फार मोठा नसतो. कंबरेएवढ्या लाटा, दोन-चार मोठे दगड आणि त्यांच्यामधून निघणारी एखादी सरळ धार, एवढाच त्याचा पसारा. नीट शिकलेला नवखा माणूसही कयाकमधून, म्हणजे बसून वल्हवायच्या लहान, अरुंद होडीतून, तो उतरू शकतो. परंतु हीच नदी तालुक्याच्या गावातून किंवा दोन-तीन वस्त्यांना लागून वाहू लागली, की पात्रात पूल, रपटे, बंधारे, घाट, मोटारपंपांच्या केबली आणि मासेमारीची जाळी येतात. गेल्या काही वर्षांत मी आणि माझ्या गावातील मुलांनी जे काही धडे घेतले, त्यांतील बहुतेक धडे दगडांनी नव्हे, तर माणसाने बांधलेल्या या गोष्टींनी दिले आहेत. त्यामुळे वल्हे मारण्याच्या तंत्रापेक्षा काठावरून नदी पाहण्याविषयी इथे अधिक लिहिले आहे.

खळाळाची अवघडता जगभर एक ते सहा अशा श्रेणींत मोजली जाते. पहिल्या श्रेणीत पाणी वाहते असते, लाटा लहान असतात आणि अडथळे सहज चुकवता येतात. दुसऱ्या श्रेणीत वाट रुंद आणि कयाकमध्ये बसूनही स्पष्ट दिसणारी असते, मात्र अधूनमधून वळावे लागते. तिसऱ्या श्रेणीत लाटा अनियमित होतात, अरुंद वाटेतून नेमके वळण घ्यावे लागते आणि पुढे काय आहे हे आधी काठावर उतरून पाहावे लागते. हा लेख दुसऱ्या श्रेणीपर्यंतच्या आणि फार तर तिसऱ्या श्रेणीच्या एखाद्या सोप्या उतारापर्यंतच्या नदीसाठी आहे. पाण्याची पातळी बदलली, की श्रेणीही बदलते, हे मात्र विसरू नये; ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या श्रेणीचा असणारा पट्टा ऑगस्टच्या पुरात ओळखूही येत नाही.

शिकण्याची सुरुवात नदीत करू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांचे संथ, छातीएवढे पाणी पहिल्या धड्यांसाठी उत्तम असते. तलावाचा शिंगाड्याचा किंवा कमळाचा भाग टाळावा, कारण उलटल्यावर वेली पायांत अडकतात. पहिला धडा वल्ह्याचा नसून बाहेर पडण्याचा असावा. कयाक मुद्दाम उलटी करावी, पाण्याखाली शरीर पुढे वाकवावे, कमरेभोवतीच्या स्प्रे स्कर्टची, म्हणजे कयाकच्या तोंडावर ताणून बसवलेल्या, पाणी आत येऊ न देणाऱ्या आवरणाची, पुढची पट्टी पुढे आणि वर ओढून तो सोडवावा, दोन्ही हात कयाकच्या कडांवर ठेवून नितंब मागे ढकलावेत आणि पुढच्या दिशेने कोलांटी घेतल्यासारखे बाहेर यावे. हे न घाबरता, शांतपणे, दहा वेळा सलग जमेपर्यंत वाहत्या पाण्याकडे फिरकू नये. ती पट्टी स्कर्टच्या आत दुमडलेली राहणे हा जिवाशी खेळ आहे, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या सोबत्याची पट्टी हात लावून पाहावी. शक्य असल्यास दोन दिवस रायगड जिल्ह्यातील कोलाडला घालवावेत. तिथल्या कुंडलिका नदीत भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सोडलेले पाणी येते, त्यावर सकाळी राफ्टिंग चालते, आणि अनुभवी माणसांच्या सोबतीने खळाळ म्हणजे काय हे अंगाने कळते.

साहित्याबाबत काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे आधी ठरवलेले बरे. कयाक जुनी, वापरलेली, ओरखडे पडलेली असली तरी चालते. ती जाड प्लॅस्टिकची असावी, फायबरची नसावी, कारण फायबर दगडावर तडकते. तिच्या पुढच्या-मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या फुगवून बसवाव्यात, म्हणजे उलटल्यावर तिच्यात कमी पाणी भरते आणि ती ओढून काठाला आणता येते. लाइफजॅकेट आणि हेल्मेट मात्र नवे आणि मापाचे घ्यावे. लाइफजॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर सोबत्याने ते खांद्यांजवळ धरून वर खेचावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर माप चुकले आहे. सणासुदीच्या होड्यांमध्ये देतात ती नारिंगी, सैल, गळ्यात अडकवण्याची जॅकेटे या कामाची नाहीत. पायांत बंद बूट असावेत, चप्पल नको. ओढणी, लुंगी, गमछा, गळ्यातील दोरा असे काहीही सैल अंगावर ठेवू नये. प्रत्येकाजवळ शिटी असावी आणि दर दोन माणसांमागे एक थ्रोबॅग, म्हणजे १५ ते २० मीटर तरंगणारा दोर भरलेली पिशवी, असावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जो पट्टा उतरायचा आहे, तो संपूर्ण पट्टा आधी काठाने पायी चालावा, आणि तोही ज्या पातळीला उतरायचा आहे त्याच पातळीला. आमच्याकडे पाच किलोमीटरच्या पट्ट्याला एक सकाळ लागते, कारण मध्ये धानाचे बांध, बेशरमची झुडपे आणि ओढे आडवे येतात. त्या चालीत तीन गोष्टी ठरवाव्यात: पाण्यात कुठे उतरायचे, शेवटी कुठे बाहेर पडायचे, आणि मध्ये कुठे बाहेर पडणे सक्तीचे आहे. या तिसऱ्या प्रकारच्या जागी काठावरच्या झाडाला भडक रंगाचे कापड बांधावे, कारण पाण्याच्या पातळीवरून नदी वेगळीच दिसते आणि काठावरून ओळखीचे वाटणारे वळण कयाकमधून ओळखता येत नाही.

बाहेर पडणे सक्तीचे असलेली पहिली जागा म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी खांबांमध्ये बसवायच्या फळ्या, काढलेले असतात आणि पाणी दगडी किंवा सिमेंटच्या खांबांमधल्या अरुंद फटींतून जोराने जाते. पावसाळ्यानंतर बरगे टाकले, की पाणी भिंतीवरून सरळ खाली पडते. दोन्ही अवस्था घातक आहेत. फटीत कयाक आडवी अडकली, तर मागच्या पाण्याचा सगळा भार तिच्यावर येतो. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याची गोष्ट त्याहून फसवी आहे. ते तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून उलट भिंतीकडे वाहते, त्यामुळे त्यात सापडलेला माणूस पुनःपुन्हा भिंतीकडे खेचला जातो. नैसर्गिक खडकाच्या पायरीला कुठेतरी खाच असते आणि तिथून सुटका होते. बांधलेली भिंत मात्र काठापासून काठापर्यंत सारखी असते, आणि सुटकेची फट तिच्यात नसते. अशी भिंत मीटरभरच उंच असली, तरी लाइफजॅकेट घातलेला, पोहता येणारा माणूस तिथे बुडू शकतो. वरून पाहताना ती निरुपद्रवी वाटते, खालचे पाणी गुळगुळीत आणि फेसाळ दिसते, आणि हाच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. बंधाऱ्याच्या किमान १०० मीटर आधी काठाला लागावे, कयाक खांद्यावर घ्यावी आणि बंधारा ओलांडून बऱ्याच खाली पुन्हा पाण्यात उतरावे. याला अपवाद नाही.

दुसरी जागा रपटा. गावाकडच्या रस्त्यांवरील बुटक्या रपट्यांखाली पाणी जाण्यासाठी सिमेंटचे पाइप टाकलेले असतात. पाणी पाइपांच्या वर आले, की रपट्याच्या वरच्या बाजूला पृष्ठभाग शांत दिसतो आणि खाली पाइप पाणी ओढत राहतात. पहिल्या वर्षी आम्ही अशाच एका रपट्याजवळ थांबून पळसाची हातभर फांदी पाण्यात टाकली होती. ती पाइपात शिरली आणि आम्ही बराच वेळ थांबूनही पलीकडे आली नाही. आत कचरा अडकलेला होता हे उघड होते. त्या दिवसापासून आमच्या गटात रपटा पोहून किंवा वल्हवून ओलांडायचा नाही, असा नियम आहे, आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर त्याच्या वर २०० मीटरपर्यंत पाण्यात कोणी नसावे, असाही आहे.

मोठ्या पुलांखालून जाता येते, मात्र खांबांना अडकलेले ओंडके, पुरात वाहून आलेली पऱ्हाटी, जलपर्णी आणि विसर्जित मूर्तींचे बांबू-तारांचे सांगाडे आधी पाहून घ्यावेत. ज्या दोन खांबांमधले पाणी स्वच्छ दिसते, तीच कमान निवडावी आणि कयाक सरळ ठेवून मधोमध जावे. पाणी आरपार जाते पण माणूस जात नाही, अशा प्रत्येक अडथळ्याला कयाक चालवणारे स्ट्रेनर म्हणतात. तारेचे कुंपण, मासेमारीचे जाळे, आडवे पडलेले बाभळीचे झाड हे सगळे स्ट्रेनर आहेत, आणि आपल्याकडे काठाने वाढलेली बेशरम हा सर्वांत जास्त आढळणारा स्ट्रेनर आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार काठाकडे लोटते आणि नेमकी तिथेच बेशरम पाण्यात झुकलेली असते, म्हणून वळणावर आतल्या बाजूने राहावे. मोटारपंपांच्या केबली आणि पाइप जिथे पाण्यात उतरतात, तिथे काठाला लागू नये. सोललेल्या केबलीतून वीज पाण्यात उतरण्याचा धोका असतो. रेतीघाटाच्या खाली तळ अचानक खोल जातो, म्हणून तिथे उतरून कयाक ओढत चालू नये. कालव्यात तर कधीच उतरू नये, कारण त्याचे अस्तर निसरडे असते, काठ सरळ असतात आणि पुढे पाणी एखाद्या बंद नळीत शिरत असू शकते.

पातळी मोजण्याची पद्धत प्रत्येक गटाने स्वतःसाठी ठरवावी. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहराच्या ऐन मधून जेम्स नदीचा खळाळ जातो, आणि तिथे वेस्टहॅमच्या जलमापकावर पाणी ५ फुटांवर गेले, की लाइफजॅकेट सक्तीचे होते आणि ९ फुटांवर गेले, की परवान्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. आपल्या गावाला असे मापक नसले, तरी घाट असतो. पाण्याखाली घाटाच्या किती पायऱ्या आहेत, हे प्रत्येक वेळी वहीत लिहावे आणि त्याशेजारी त्या दिवशीचा अनुभव लिहावा. दोन हंगामांत त्या वहीतून कळते, की किती पायऱ्या बुडल्यावर नवख्यांना न्यावे, किती बुडल्यावर फक्त जुन्यांनी जावे आणि किती बुडल्यावर घरी परतावे. पाणी गढूळ असेल, त्यात काड्या-पाने वाहत असतील किंवा तासाभरात एखादी पायरी नाहीशी होत असेल, तर नदी चढते आहे, आणि चढत्या नदीत उतरू नये. आपल्या आकाशात ढग नसले, तरी नदी चढू शकते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेल्या पावसाने आणि तिथल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्याखाली गेली. म्हणून नदीवर वर कुठे धरण आहे हे माहीत असावे, विसर्गाची सूचना प्रशासन देते ती पाहावी आणि निघण्यापूर्वी वरच्या गावात फोन करून पाणी विचारावे. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर, म्हणजेच एक टन पाणी; आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला, की अंगावर येणारा जोर चौपट होतो. विसर्गाचे आकडे वाचताना हे हिशेब डोक्यात असावेत.

पाणी वाचणे म्हणजे पृष्ठभागावरून तळ ओळखणे. पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. त्याचे टोक खालच्या दिशेला असेल, तर दोन दगडांमधून मोकळी वाट आहे. टोक वरच्या दिशेला, आपल्याकडे असेल, तर त्या टोकाशीच दगड दडलेला आहे. एका ओळीत, सारख्या अंतरावर उठणाऱ्या लाटा म्हणजे सहसा खोल आणि मोकळी धार. पुढे नदी एका सरळ रेषेत संपल्यासारखी दिसली आणि त्यापलीकडे फक्त झाडांचे शेंडे दिसले, तर तिथे पाणी खाली पडते आहे. ते खाली किती पडते हे कयाकमधून कळत नाही. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरील सहस्रकुंडाचा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पैनगंगा कशी अचानक खाली कोसळते हे ठाऊक आहे. अशी रेषा दिसताच काठ गाठावा.

दगडाच्या खालच्या अंगाला पाणी मागे फिरते आणि जवळजवळ स्थिर राहते. या जागेला एडी म्हणतात, आणि खळाळातील विसाव्याच्या जागा याच आहेत. सगळा उतार एका दमात उतरण्याचा मोह नवख्याला होतो. त्याऐवजी एका एडीतून दुसऱ्या एडीत जावे, प्रत्येक ठिकाणी थांबून पुढचा टप्पा पाहावा. एडीत शिरताना तिची कड साधारण ४५ अंशांच्या कोनात, जोराने वल्हे मारत ओलांडावी. कड ओलांडताना कयाकचे टोक थांबलेल्या पाण्यात आणि मागचा भाग वाहत्या पाण्यात असतो, त्यामुळे ती झपकन फिरते. सायकल वळवताना शरीर ज्या बाजूला झुकते, त्याच बाजूला, म्हणजे वळणाच्या आत, कयाक कलती ठेवावी. बाहेर पडतानाही हाच नियम: टोक वरच्या दिशेला तिरके धरून धारेत शिरावे आणि खालच्या बाजूला कलावे. वरच्या बाजूला कलल्यास पाणी कयाकच्या कडेवर चढते आणि ती क्षणात उलटते. नवख्यांच्या कयाक बहुतेक वेळा याच एका चुकीमुळे उलटतात, म्हणून एकाच सोप्या एडीत आत-बाहेर करण्याचा सराव दोन्ही बाजूंनी अर्धा दिवस करावा.

नदी आडवी ओलांडण्याचे तंत्र आपल्या ढिवर बांधवांकडून शिकावे. डोंगा घेऊन पलीकडे जाणारा माणूस नाक समोरच्या काठाकडे धरत नाही. तो आधी काठाकाठाने वर जातो, मग टोक धारेच्या उलट, थोडे तिरके धरतो आणि पाण्याच्या जोरानेच पलीकडे सरकतो. कयाकमध्येही तेच करावे. कोन साधारण ३० अंशांचा ठेवावा, धार जितकी वेगवान तितका कोन कमी करावा आणि कयाक खालच्या बाजूला किंचित कलती ठेवावी. बंधारा दिसल्यावर काठ गाठायचा असतो तेव्हा हेच तंत्र जीव वाचवते, म्हणून पुढे जाण्याच्या वल्ह्यानंतर लगेच हे शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

कयाक दगडाला आडवी लागली, तर दगडापासून दूर होण्याची इच्छा होते. नेमके उलट करावे: दगडाकडे झुकावे, त्याला जणू मिठी मारावी आणि हातांनी ढकलत पुढे किंवा मागे सरकावे. उलटून बाहेर पडलो, तर पाठीवर तरंगावे, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाशी ठेवावेत, म्हणजे दगड पायांना लागतात, डोक्याला नाही. गुडघ्यांपेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले, की मागचे पाणी माणसाला पुढे पाडते आणि कमरेएवढ्या पाण्यातही तो बुडतो. आपल्या पात्रांत हा धोका फार आहे, आणि वर्षानुवर्षे त्याच नदीत आंघोळ करणाऱ्यांनाच तो पटवून द्यावा लागतो. समोर बेशरम किंवा पडलेले झाड असेल आणि ते चुकवता येणार नसेल, तरच पाठीवरून पोटावर वळावे, त्याच्याकडे जोराने पोहावे आणि त्याच्या वर चढावे. पाय पुढे करून त्यात शिरू नये.

प्रत्येक अवघड उताराच्या खाली, पहिली कयाक सुटण्याआधी, एक माणूस थ्रोबॅग घेऊन काठावर उभा असावा. त्याने दोर हाताला गुंडाळू नये आणि कमरेला बांधू नये. आधी हाक मारावी, पोहणाऱ्याने पाहिल्यावर पिशवी त्याच्या थोडी पलीकडे फेकावी, मग खाली बसून पाय रोवावेत. पोहणाऱ्याने पिशवी नव्हे, दोर धरावा, तो छातीवरून खांद्यावर घ्यावा आणि पाठीवर राहावे. धार त्याला आपोआप काठाकडे झुलवत आणते. खुणा आधी ठरवाव्यात. वल्हे उभे धरले, तर या. आडवे धरले, तर थांबा. शिटी एकदा वाजली, तर लक्ष द्या. तीनदा वाजली, तर संकट आहे. तीनपेक्षा कमी माणसांनी नदीत उतरू नये.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात, तसेच ब्रह्मपुरीच्या आसपास, वाघ पाण्यावर येतो, म्हणून पहाटे आणि सांजेला काठावर असू नये. ऊन चढल्यावर निघावे आणि चारच्या आत बाहेर पडावे. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून जाणाऱ्या नदीत वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरू नये, आणि मगरींविषयी तिथल्या मासेमारांना विचारावे. गावाच्या खालच्या बाजूला सांडपाणी मिसळते, म्हणून जोरदार पावसानंतर दोन दिवस थांबावे, अंगावर उघडी जखम असल्यास उतरू नये आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगावे. घाटावर बायका कपडे धूत असतील, तर वल्हे थांबवून लांबून जावे. मासेमाराचे जाळे दिसले, तर आधी हाक देऊन बाजू विचारावी. त्याची दिवसाची कमाई त्या जाळ्यात असते.

निघताना पोलीस पाटलांना माणसांची संख्या, उतरण्याची जागा आणि परतीची वेळ सांगितलेली असते. बाहेर पडल्यावर आधी माणसे मोजावीत, मग पोलीस पाटलांना परत आल्याचे कळवावे. लाइफजॅकेट साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, थ्रोबॅगचा दोर पूर्ण बाहेर काढून सुकवावा आणि पुन्हा भरताना तो गुंडाळू नये, सैल कोंबत भरावा. घरी जाण्याआधी घाटावर परत जाऊन पाण्याखालच्या पायऱ्या पुन्हा मोजाव्यात आणि तो आकडा सकाळच्या आकड्याशेजारी वहीत लिहावा.